दुधाचे दात पडतच नव्हते, आणि निघालं भलतंच (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

धायरीकरीण
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय आणि तोही मोबाइलवरून, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचा छोटू साडेदहा वर्षांचा, पाचवीत. वर्गातली सगळी पोरं पुढचे मोठे दात मिरवत फिरतात आणि ह्याच्या खालच्या पटाशीच्या दुधाच्या दातांनी ठाण मांडलेलं. मागून पक्के दात कधीच उगवलेत, त्यामुळे खाली चक्क दोन रांगा. वर तर पक्के यायचंच नाव नाही. सासूबाई म्हणायच्या, आजोबांवर गेलाय, धरलेलं सोडत नाही. आम्ही पण हसायचो.

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हा पंधरा दिवसांचा असताना तोंडावर आणि डोक्यात पुवाचे फोड आले होते. बाळंतिणीने काय खाल्लं ह्यावर घरात परिषद भरली. मग एक्झिमा, तो आजतागायत. तिसऱ्या वर्षी मानेवर लिंबाएवढं गळू आलं, पण गंमत म्हणजे ना लाल ना गरम, ना त्याला ताप, हा आपला ते घेऊन सोसायटीत सायकल फिरवतोय. सर्जनने कापलं तर वाटीभर पू निघाला. असं अजून दोनदा झालं. चौथ्या वर्षी न्यूमोनिया, सहाव्या वर्षी परत, तेव्हा अकरा दिवस अॅडमिट होता आणि बरा झाल्यावरही एक्सरेत फुप्फुसात एक पोकळी राहिली. सातव्या वर्षी सोफ्यावरून उतरताना पडला, हो उतरताना, उडी मारताना पण नाही, आणि मनगट मोडलं.

प्रत्येक गोष्टीचा डॉक्टर वेगळा, फाइल वेगळी. स्किनची निळी, छातीची हिरवी, हाडांची ती खाकी पाकिटं. आणि मी पण वेडी, स्किनवाल्यांकडे जाताना स्किनचीच फाइल न्यायचे, उगाच कशाला सगळा गठ्ठा.

तर दातांच्या दोन रांगांना तारा लावायच्या का विचारायला घराजवळच्या लहान मुलांच्या डेंटिस्टकडे गेलो. त्यांनी ओपीजी काढला, म्हणजे तो अख्ख्या जबड्याचा एक्सरे, आणि स्क्रीनवर दाखवलं की पक्के दात खाली तयार बसलेत पण वरच्या दुधाच्या दातांची मुळं जशीच्या तशी. एरवी पक्का दात वर सरकायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, म्हणून तर तो हलायला लागतो. ह्याचं एकही मूळ झिजलेलं नाही. मग त्या बाई एकदम गप्प झाल्या आणि विचारलं, "ह्याला कधी गळवं झाली होती का?"

मला कळेना, दातांचा आणि गळवांचा काय संबंध. मी म्हटलं हो, तीनदा. न्यूमोनिया? दोनदा. हाड मोडलंय? मोडलंय. मग त्यांनी त्याची बोटं मागे वाकवून पाहिली, ती नको तितकी वाकली. त्यांनी तारांचं काही न बोलता आमच्या बालरोगतज्ज्ञांना पानभर चिठ्ठी लिहून दिली.

रक्त तपासलं तर आयजीई, म्हणजे ती अॅलर्जीत वाढणारी अँटिबॉडी, १४ हजारांच्या वर. ह्या वयात शंभर-दोनशेच्या आसपास असतं. तिथून मुंबईला, सकाळची सिंहगड पकडून दादर आणि पुढे परळ, अशा चार फेऱ्या. शेवटी जीन टेस्टमध्ये स्टॅट-३ नावाच्या जीनमध्ये बिघाड सापडला. आजाराचं नाव हायपर आयजीई सिंड्रोम. आम्हा दोघांत तो बिघाड नाही, ह्याच्यातच नव्याने झालाय, आणि असं ह्या आजारात बऱ्याचदा होतं म्हणे. (सासरमाहेरच्या दोन्ही बाजूंना एकदम हायसं वाटलं ते वेगळंच.)

रडायला धागा काढलेला नाही. औषध सुरू आहे, पोरगं मजेत आहे. मला एवढंच म्हणायचंय की त्या दातांबद्दल मी एकाही डॉक्टरला कधी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांची ती दहा धोक्याची लक्षणं दवाखान्यात लावलेली असतात ना, वर्षातून दोन न्यूमोनिया, चार कान फुटणं, खोलवरची गळवं वगैरे, त्यातही दाताचा द नाही.

निगडीचा_बंड्या
ताई तुम्ही बरं केलंत लिहिलंत पण माझी झोप उडवलीत. पोरगी साडेसहाची, कालच बायकोने दाखवलं, खालच्या दुधाच्या दातामागून दुसरा दात डोकावतोय. एक्झिमा नाही पण सर्दी तर महिन्याला असते. सोमवारी आयजीई करून घेऊ का थेट?

दंतकथा
बंड्याभाऊ, थांबा. मी लहान मुलांचीच डेंटिस्ट आहे, चौदा वर्षं हेच करतेय, आणि असा फोन आठवड्यातून दोन तरी येतात. सहा-सात वर्षांच्या पोरांत खालचे पुढचे पक्के दात मागून येणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. दुधाचा दात हलत असेल तर हलवू दे, पेरू खाऊ दे, गाजर खाऊ दे, बहुतेकदा काही महिन्यांत तो पडतो आणि मागचा दात जिभेच्या रेट्याने आपोआप पुढे सरकतो. त्याला आयजीई लागत नाही. आणि शाळेत जाणाऱ्या पोराला महिन्याला सर्दी हा पुण्याच्या हवेचा आजार आहे, जीनचा नाही.

धायरीकरीणताईंच्या मुलाचं वेगळं काय होतं बघा. एक दात नाही, बरेच. वय सहा नाही, दहा. एक्सरेत मूळ अजिबात झिजलेलं नाही. आणि त्याच्या जोडीला कातडी, गळवं, छाती, हाड. नुसते दात उशिरा पडण्याची कारणं ढीगभर असतात, थायरॉइड कमी असणं, खाली पक्का दातच नसणं, घराण्यातच उशीर असणं.

ह्या आजाराचं पहिलं वर्णन १९६६ सालचं, तेव्हा नाव ठेवलं जॉब सिंड्रोम, बायबलमधल्या ईयोबाच्या अंगभर गळवं उठली होती त्यावरून. पण दात पडत नाहीत हे त्याचं ठळक लक्षण आहे हे नीट मांडलं गेलं १९९९ मध्ये, आणि स्टॅट-३ जीन सापडला २००७ मध्ये. म्हणजे तेहेतीस वर्षं ते दात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. आता निदानाचे गुण मोजतात त्या तक्त्यात किती दुधाचे दात अडकलेत ह्याला वेगळे गुण आहेत.

पण मला स्वतःला जास्त भीती वाटते ती उलट्या केसची, म्हणजे दात लवकर पडण्याची. दुधाचे दात सहाच्या सुमारास पडायला लागतात. चार वर्षांच्या आत, मार लागलेला नसताना, कीड नसताना दात हलून पडला तर तो दात टाकू नका, डबीत घालून घेऊन या. मूळ सकट पडलाय का हे मला बघायचं असतं.

खडूस_पेठकर
म्हणजे पडला तरी टेन्शन, नाही पडला तरी टेन्शन. आमच्या वेळी दाराच्या कडीला दोरा बांधायचे आणि दार ढकलायचे. सगळ्या वाड्याचे दात एका कडीने काढले.

(हलके घ्या. लेख चांगला आहे, वाचनखूण साठवली.)

लॅबवाला
डॉक बरोबर बोलल्या. माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, त्या बाजूने दोन पैसे टाकतो. लवकर दात हलणं, हिरड्या कायम सुजलेल्या, तोंडात सारखे अल्सर, अशा पोराचा सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट) येतो तेव्हा आईबाप काय बघतात, तर हिमोग्लोबिन, आणि फार तर टोटल पांढऱ्या पेशी. टोटल सहा हजार, नॉर्मल आहे, चला घरी. अहो खाली न्यूट्रोफिल किती टक्के लिहिलेत ते बघा ना. पाच टक्के असतील तर सहा हजारांचे पाच टक्के म्हणजे तीनशे. दीड हजाराच्या खाली कमी आणि पाचशेच्या खाली म्हणजे गंभीर. हिरड्यांवर चोवीस तास जंतू बसलेले असतात, त्यांना आवर घालणारा पहिला शिपाई न्यूट्रोफिल, तोच नसेल तर हिरडी आणि त्याखालचं हाड टिकणार कसं.

आणि ह्यात एक लबाड प्रकार असतो, सायक्लिक न्यूट्रोपेनिया. पेशी साधारण दर २१ दिवसांनी खाली जातात आणि चार-पाच दिवसांत परत वर येतात. नेमकं खाली असताना पोराला ताप, तोंड आलेलं, आणि आई चार दिवस वाट बघून रिपोर्टला आणते तेव्हा सगळं नॉर्मल. म्हणून डॉक्टर सहा आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा सीबीसी करायला सांगतात. लोकांना वाटतं लॅबशी साटंलोटं आहे. नाही हो, तो चढउतार पकडायचा तर दुसरा सोपा मार्ग नाही. आईने कॅलेंडरवर तापाच्या तारखांना गोल करून आणले तरी अर्धं काम होतं.

ह्याच्या बरोबर उलट एलएडी नावाचा आजार. त्यात पेशी भरपूर, बरं असतानाही टोटल वीस-तीस हजार, पण त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच शकत नाहीत, म्हणजे रस्त्यावर पोलीस गाड्या भरभरून फिरतायत पण गाडीतून उतरायचा दरवाजाच उघडत नाही. जिथे जखम तिथे पू होत नाही. अशा बाळाची नाळ गळायला महिना-महिना लागतो, एरवी एक-दोन आठवड्यांत गळते.

मनीमाऊ७९
नाळ उशिरा गळली होती माझ्या भाचीची, पंचवीसेक दिवस. आता ती इंजिनिअरिंगला आहे. सगळ्याच गोष्टी मनाला लावून घेऊ नका. धायरीकरीण, गुळवेलाचा काढा चालू कर सकाळी अनशापोटी, इम्युनिटीला एक नंबर. आमच्याकडे एक होमिओपॅथीवाले पण आहेत, व्यनि करते नंबर.

धायरीकरीण
मनीमाऊताई, प्रेमाने सांगताय ते कळतं, पण नको. मी पण आधी असंच समजत होते की इम्युनिटी म्हणजे टाकीतलं पाणी, कमी झालं की भरायचं. ह्याच्या अंगात एक आदेश पोचत नाही, त्यामुळे काही विशिष्ट जंतू आणि बुरशी ह्यांच्याविरुद्धची फळी उभीच राहत नाही, आणि दुसरीकडे आयजीई मात्र उगाच हजारोंनी तयार होतं. काढ्याने तो आदेश पोचणार नाही. रोजची कोट्रायमॉक्सॅझोल ह्या अँटिबायोटिकची गोळी, कातडीची काळजी आणि ताप नसला तरी खोकला अंगावर काढायचा नाही, हे त्याचं रोजचं आहे. कारण ताप येईलच असं नाही ना, तीच तर ह्या आजाराची फसवणूक.

आणि भाचीचं म्हणाल तर नुसती नाळ उशिरा गळणं आणि पुढे सगळं ठीक, हे होतंच. एक गोष्ट सुटी असेल तर बहुतेकदा काही नसतं. माझ्या पोराच्या पाच गोष्टी होत्या आणि त्या पाच फायलींत होत्या.

तिखट_मिसळ
हे वाचून मी जेवण अर्धं टाकून टायपायला बसले. माझ्या बहिणीचा मुलगा, हडपसरला असतात. दीड वर्षाचा झाला तरी एक दात नाही, मग आले ते दोनच, तेही वरचे आणि टोकदार, शिसपेन्सिल तासल्यासारखे. केस अगदी विरळ, जावळ कधी काढावं लागलंच नाही. आणि मे महिन्यात हा लालबुंद होऊन तापायचा कारण घामच येत नव्हता. आजी म्हणायची दात येतायत म्हणून ताप आहे. दात येतायत कुठे!

बीसीजी टोचल्यावर काखेत गाठ आली ती फुटून महिनोन् महिने वाहत राहिली, मग न्यूमोकोकसने मेंदूज्वर झाला, वाचला देवाच्या कृपेने. त्यानंतर कोणीतरी हुशार रेसिडेंटने दात, केस, घाम आणि इन्फेक्शन एका कागदावर लिहिलं. नेमो म्हणतात त्या जीनचा दोष निघाला. तो एक्स क्रोमोसोमवर असतो म्हणून मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. माझ्या बहिणीच्या पोटऱ्यांवर लहानपणापासून फिकट पट्टे आहेत आणि एक दात असाच टोकदार आहे, आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. ते तिचं लक्षण होतं हे तिला पस्तिसाव्या वर्षी कळलं. ती किती रडली काय सांगू, जणू तिने हातानेच दिलं त्याला.

दंतकथा
मिसळताई, बहिणीला सांगा, हे कुणी हाताने देत नसतं.

बाकीच्यांसाठी एक, नाहीतर उद्या पुण्यातले सगळे विरळ केसवाले दवाखान्यात येतील. टोकदार आणि कमी दात, घाम नाही, विरळ केस ह्याला एक्टोडर्मल डिस्प्लेजिया म्हणतात आणि त्यातल्या बहुसंख्य मुलांची प्रतिकारशक्ती अगदी ठणठणीत असते, त्यांचा जीन वेगळा. पण अशा मुलाला वारंवार गंभीर इन्फेक्शन होत असतील तर इम्युनॉलॉजीवाल्यांना दाखवायलाच हवं. आणि घरात असं एक मूल असेल तर पुढच्या बाळाच्या बीसीजीआधी डॉक्टरांना सांगायचं, नंतर नाही. ती जिवंत लस आहे.

सोलापूरहून_पुण्यात
माझ्या चुलतभावाच्या मुलीचं सांगू का. तळहात तळपाय जाड, पिवळट, भेगाळलेले, हिवाळ्यात रक्त यायचं. त्याला आम्ही घरी उष्णता म्हणायचो, लोणी चोळायचो. चौथ्या वर्षी दात हलायला लागले, कीड नाही काही नाही, पाच वर्षांची असेपर्यंत बोळकं. सगळे म्हणाले दुधाचे आहेत, परत येतील. आले पण. चांगले सुंदर आले. चौदाव्या वर्षी ते पण हलायला लागले. भाऊ आणि वहिनी मामाची पोरगी–आत्याचा पोरगा आहेत. आमच्याकडे चालतं, पुण्यात नाक मुरडतात माहितेय. ह्याचा संबंध असतो का?

दंतकथा
असतो, आणि नाक मुरडायचा प्रश्न नाही. तळहाताच्या जाड कातडीबरोबर दात पडणं म्हणजे पॅपिलॉन-लफेव्र सिंड्रोमचा विचार करावाच लागतो, दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ मध्ये लिहिलेला. बिघडलेली जीनची प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळाली तरच आजार होतो, आणि एकाच आजीआजोबांकडून तीच प्रत दोन्ही घरांत आलेली असली की तशी गाठ पडायची शक्यता वाढते. कॅथेप्सिन सी नावाचं एक एन्झाइम नसतं, त्यामुळे न्यूट्रोफिल हजर असतात पण त्यांची हत्यारं म्यानातून निघत नाहीत. काही मुलांना यकृतात वगैरे गळवंही होतात, म्हणून फक्त दात बघून सोडायचं नाही.

मुलगी आता किती वर्षांची? हिरड्यांची कडक निगा, जे दात वाचणार नाहीत ते वेळेवर काढणं, कातडीवाल्यांकडून रेटिनॉइड नावाचं औषध, असं एकत्र केलं तर काही पक्के दात टिकवता येतात. पण लवकर या. लोणी कातडीला चालेल, दाताला नाही.

निगडीचा_बंड्या
डॉक, आणि दात पिवळे-चॉकलेटी, खडूसारखे असतील तर? माझी नाही हो, शेजाऱ्यांची. शपथ.

दंतकथा
शेजारी नेहमीच शेजारी असतात. बहुतेक वेळा ते बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड, पहिल्या दाढांचं इनॅमल कच्चं राहणं नाहीतर बाटलीने दूध पीत झोपल्याची कीड असते. इनॅमल बिघडवणारे प्रतिकारशक्तीचे आजारही आहेत, पण त्यांत दात एकटे नसतात. बाळ लुळं आणि जन्मापासून जीवघेणी इन्फेक्शन, किंवा तोंडातली बुरशी जाता जात नाही आणि कॅल्शियम कमी होऊन हातपाय आखडतात, किंवा हृदयाला जन्मजात दोष, असं काहीतरी सोबत असतं. शेजाऱ्यांच्या पोराला ह्यातलं काही नसेल तर त्यांना म्हणावं, बाटली सोडा.

तिखट_मिसळ
खर्चाचं कोणी विचारलं नाही अजून म्हणून मीच लिहिते. २०२१ चं केंद्राचं दुर्मिळ आजार धोरण आहे, त्यात ठरवून दिलेल्या आजारांना नेमलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र. प्रतिकारशक्तीचे काही जन्मजात आजार, ज्यांना बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतं, ते त्या यादीत आहेत. कागदपत्रं भरपूर लागतात आणि वेळ लागतो, पण मिळतं. परळला वाडिया आणि केईएमच्या आवारातली आयसीएमआरची रक्तविकारांची संस्था, दोन्हीकडे ह्या आजारांची माणसं आहेत. जाताना सगळ्या फाइली न्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, दातांचा एक्सरे पण.

खडूस_पेठकर
मगाशी थट्टा केली पण एक खरं विचारतो. धायरीकरीणताई, मग त्या दोन रांगांचं केलंत काय शेवटी?

धायरीकरीण
काढले! तोच अपडेट द्यायचा राहिला होता. दोन बैठकांत मिळून सहा दुधाचे दात काढले, आधी आणि नंतर अँटिबायोटिक देऊन. डेंटिस्टनी आधीच सांगितलं होतं की ह्या आजारात पक्के दात बहुतेकदा खाली शहाण्यासारखे वाट बघत असतात, वरचं दार उघडलं की येतात. काढलेला दात हातात घेतला तर मी दचकलेच, दुधाचा दात म्हणजे आपण शेंगदाण्याच्या फाकेएवढा बघितलेला, हा लांब मुळासकट, छोट्या खिळ्यासारखा.

आता छोटूला ते छपरावर फेकायचे होते, उंदीरमामाला. आम्ही चौथ्या मजल्यावर, वर टेरेस, त्यावर सोसायटीचे सोलार. शेवटी रविवारी पानशेतच्या बाजूला माझ्या मावशीचं कौलारू घर आहे तिथे गेलो. पाच कौलांवर गेले, एक पन्हळीत अडकला. तो काढायला मावसभाऊ शिडी घेऊन चढला, आणि खालून सासूबाई, "राहू दे रे, उंदीर तिथून पण घेईल."

दीड महिना झाला. वरचा एक पक्का दात अर्धा बाहेर आलाय. करवतीसारखी कड आहे त्याला, नवीन दाताला असते तशी. दिवसातून दहा वेळा आरशात बघतो.

निगडीचा_बंड्या
अपडेट माझ्याकडूनही. पोरीचा दात पडला आज. चिक्की खाताना. चिक्कीबरोबर गिळला तिने. डॉक, एक्सरे काढू का?

दंतकथा
नाही.